दोन ठोके

ऐरणीवर दोन ठोके पडले. मी ते ऐकले आणि भाता ओढतच राहिले.

हे भट्टीच्या पलीकडे उकिडवे बसले होते. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा दोन ठोके दिले, जरा जोरात. भट्टीत तांब्याचं मोठं घंगाळ होतं. कुणाच्या तरी मुलीच्या रुखवतात ठेवायचं होतं ते. त्याला पितळी कड्या डाख देऊन जोडायचं काम चाललं होतं. एक कडी बसली होती, दुसरीखालचा डाख नुकताच चकाकायला लागला होता. तो चकाकला की जाळ उतरवायचा असतो, हे मला चांगलं माहीत होतं. पण मी साखळी ओढली, सोडली, पुन्हा ओढली. निखारे पांढरे झाले. ह्यांनी हातोडा टाकून सांडस उचलली, तोवर उशीर झाला होता. कडीचं पितळ मेणासारखं वाकलं आणि घंगाळाच्या काठावरून खाली लोंबलं.

मग मी भाता सोडला आणि पदराने तोंड पुसलं.

साठ-बासष्टच्या सुमाराची ही गोष्ट. नाशकातल्या आमच्या तांबट आळीत तेव्हा घरटी एक भट्टी होती. पुढच्या पडवीत काम, मागे संसार. सकाळी हातोडे सुरू झाले की आळीभर असा गदारोळ उठे की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येऊ नये. त्यामुळे आळीची एक उलटीच रीत पडली होती. खासगी बोलायचं तर ओरडून बोलायचं. कानाजवळ तोंड नेऊन बेंबीच्या देठापासून ओरडलं तरी ते त्या एका कानापलीकडे जात नसे. बायका एकमेकींना माहेरची दुखणी, दिवस राहिल्याच्या बातम्या, सासूची गाऱ्हाणी, सगळं असं ओरडूनच सांगत.

सांभाळायचं ते फक्त तासाला. आळीच्या मध्यावर भिकाजीबाबांचं घर. त्यांच्या दारात काशाचा जुना तास टांगलेला असे. उंबऱ्यावरचं ऊन सरकून आत आलं की बाबा त्यावर तीन टोले देत, आणि तिसऱ्या टोल्याला आळीतले सगळे हातोडे एकदम थांबत. हात वर गेलेला असला तरी तो तसाच हळू खाली यायचा. जेवणाची वेळ. त्या क्षणी अशी शांतता पसरे की नळाखालच्या बादलीत पडणारा थेंब ऐकू यावा. समोरच्या अनसूयाकाकू एकदा नवऱ्याच्या कानात ओरडत होत्या, तुमची बहीण चार दिवस राहिली की माझ्या बरणीतलं तूप आटतं. त्यातलं 'तूप आटतं' हे तिसऱ्या टोल्यानंतर पडलं, आणि नणंदबाई पिशवी घेऊन तेव्हाच आळीत शिरत होत्या. मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा काकूंनी मला पहिला उपदेश केला तो हाच. "बाई गं, काय बोलायचं ते तासाच्या आत बोलून घेत जा."

मला तो उपदेश जड गेला. मी येवल्याची. वडिलांचं भांड्यांचं दुकान, आम्ही पाच भावंडं, आणि सगळ्यांचे आवाज चढे. आमच्याकडचं भांडण म्हणजे फोडणी. तडतडली, घरभर ठसका उठला, संपलं, की वरण तयार. ह्यांच्या घरी भांडण ठाऊकच नव्हतं. सासूसासरे आधीच गेलेले, दोघंच आम्ही. आणि हे स्वभावाने इतके सौम्य की मला आधी वाटलं, नशीबच उघडलं. भांडी चकचकीत करायला आम्ही बायका चिंच लावून घासायचो. चिंचोके बोटांना टोचतात, नखांत जातात. हे रात्री जेवण झालं की बसून दुसऱ्या दिवसाच्या चिंचेतले चिंचोके काढून ठेवायचे. मी सांगितलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात माझी बोटं बघितली, तेव्हापासून.

मग पहिलं भांडण झालं आणि मला कळलं, हा माणूस रागावला की बोलायचा थांबतो.

कशावरून ते आता सांगण्यासारखं नाही. मावसबहिणीच्या लग्नाला जायचं होतं मला. मी म्हटलं, हे गप्प. मी चिडले, हे गप्प. मी रडले, ओरडले, भांडी आपटली, हे गप्पच. त्यांना अबोला अवघडही जात नसे. कामात आमची ठोक्यांची भाषा होतीच. ऐरणीवर एक ठोका म्हणजे वाढव, जाळ कमी पडतोय. दोन ठोके म्हणजे पुरे. पाणी हवं असलं तर तांब्यावर टिचकी. अशा टिचक्यांवर हे आठवडा काढू शकत. शेवटी मीच थकून म्हणे, चुकलं माझं, इतकं ओरडायला नको होतं. मग हे हसत, बोलायला लागत, आणि भांडण ज्याच्यावरून होतं तो विषय तिथेच मेलेला असे.

असं तीनदा-चारदा झालं तेव्हा माझ्या लक्षात आलं, ओरडते मी आणि जिंकतात हे. ओरडणाऱ्याचं भांडण आळीला दिसतं, गप्प बसणाऱ्याचं दिसत नाही. आळी मला भांडकुदळ म्हणे आणि ह्यांना देवमाणूस. आणि त्यात, अबोला असला तरी सकाळी उठून बघावं तर चिंचेतले चिंचोके काढून ठेवलेले असत. त्या माणसावर धड रागावताही येत नसे.

त्या खेपेचा विषय मात्र मला मरू द्यायचा नव्हता.

येवल्याच्या शाळेतल्या माझ्या मुख्याध्यापिका बेहेरेबाई तेव्हा पुण्याला एका संस्थेत होत्या. तिथे बालवाडीच्या शिक्षिका तयार करत. दहा महिने वसतिगृहात राहायचं आणि शिकायचं, राहण्याजेवणाची सोय संस्थेची. बाई बहिणीकडे नाशकाला आल्या होत्या, वाट वाकडी करून आळीत आल्या. म्हणाल्या, "प्रमिला, ह्या आळीत पोरं दिवसभर उंबऱ्यावर बसून कान किटवून घेतात. तू शिकून ये आणि इथेच बालवाडी काढ. मी शनिवारी परत जाते आहे. त्याआधी येईन, हो की नाही सांग."

मला मूल नव्हतं. होईल असंही डॉक्टरीणबाई नीटसं सांगत नव्हत्या. आळीतली पोरं माझ्या ओट्यावर जमत, मी त्यांना गाणी म्हणून दाखवी, आणि ती हातोड्याच्या तालावर नाचत. मी त्या रात्री ह्यांना सगळं सांगितलं. जायचंय मला, म्हटलं. ह्यांनी हातातला चिंचोका वाटीत टाकला आणि ते गप्प झाले.

ते गप्प झाले ते झालेच. मी आधी समजावलं. अनसूयाकाकू तुमचा डबा करतील, मी विचारलंय. मग मी रागावले. मग एक दुपार रडले. हे भाकरी खात आणि उठून जात. घरात नाही म्हणायला दुसरं कुणी नव्हतं, फक्त हे होते, आणि हे नाही म्हणत नव्हते. नुसते वाट बघत होते, शनिवार जाण्याची. निदान मला तसं वाटत होतं. शुक्रवार उजाडला तेव्हा मी ठरवलं, आज ह्यांना बोलायला लावायचं. भाता माझ्या हातात आहे.

तर घंगाळाची कडी लोंबली.

हे ते घंगाळ सांडशीत धरून बघत राहिले. मग त्यांचे ओठ हलले. चार दिवसांत पहिल्यांदा. आळीच्या गदारोळात मला ऐकू आलं नाही.

"काय म्हणालात?" मी ओरडले.

"दोन ठोके दिले होते."

"मोठ्याने बोला."

"दोन ठोके दिले होते मी."

"ठोके भांड्याला द्या. मला तोंडाने सांगा."

ह्यांनी घंगाळ खाली ठेवलं. भट्टीच्या धगीने चेहरा लाल झाला होता, की रागाने, ते मला कळेना. ह्यांचा राग मी कधी बघितलाच नव्हता.

"काय सांगू?"

मी भट्टीला वळसा घालून जवळ गेले. म्हटलं, "हो की नाही, एवढंच. उद्या बाई येतील. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा. मी रडेन, भांडेन आणि राहीन. पण तो शब्द तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी राहणार नाही. दर वेळी तुम्ही गप्प बसायचं आणि मीच माझ्या मनाला नाही सांगायचं, हे आता बास झालं."

"मला नाही म्हणायचं नाहीये," हे ओरडले. ह्यांचा आवाज इतका मोठा आहे हे मला तेव्हा कळलं.

"मग हो म्हणा."

"तेही म्हणता येत नाही."

"का?"

पहिला टोला पडला. मी ऐकला. सवयीने माझं तोंड मिटलं. दुसरा पडला. हे उठून उभे राहिले होते, हातोडा पुन्हा उचलून हातात घेतला होता, आणि बोलत होते. तिसरा टोला पडला. आळी थांबली.

हे थांबले नाहीत.

"हो म्हणायला तोंड उघडलं की जाऊ नको असंच बाहेर येतं," त्या शांततेत ह्यांचा आवाज आळीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. "म्हणून मिटून बसतो. तू येवल्याला चार दिवस गेलीस तरी मला भाकरी गोड लागत नाही. तुझी बडबड नसली की ह्या घरात हंड्यात डोकं घातल्यासारखं होतं."

मी हाताने खूण करत होते, पुरे, पुरे. समोर अनसूयाकाकू पळी हातात घेऊन दारात येऊन उभ्या राहिलेल्या मला दिसल्या. त्यांच्या मागून त्यांचे यजमान. शेजारच्या पडवीतून दोन माना बाहेर आल्या. ह्यांचं कशाकडे लक्ष नव्हतं. माझ्याकडे बघून, अगदी तसंच, हातोड्यांवर आवाज चढवून बोलावं तसं बोलत होते.

"दहा महिने मी कुणाचं बोलणं ऐकू? आणि तू शिकून येशील. चार शहाण्या बायकांत राहून येशील. मी चौथीत शाळा सोडलेला माणूस. परत आल्यावर माझ्यासारख्या मुक्याशी बोलायला तुझ्याकडे काय उरेल? ह्याची भीती वाटते मला. झालं? बोललो."

कुणाच्या तरी घरात भांड्यावरचं झाकण पडलं आणि गोल गोल फिरत राहिलं. ते थांबेपर्यंत सगळी आळी ऐकत होती.

मग हे एकदम हळू आवाजात म्हणाले, आणि तेही सगळ्यांना ऐकू गेलं, "पण जा तू. उद्या बाईंना हो म्हणून सांग. माझं काय, मी बघेन."

आळीच्या मध्यावरून भिकाजीबाबांचा आवाज आला. "त्र्यंबक, झालं असलं तर जेवून घे बाबा. आज भाकरी गोड लागेल."

आधी कुणीतरी खुसखुसलं. मग अख्खी आळी हसली. हे कानांपर्यंत लाल झाले, हातोडा ऐरणीवर ठेवून घरात गेले आणि पाटावर जाऊन बसले. मी मागोमाग गेले, ताट वाढलं. येवल्याची मी, माझ्या तोंडातून एक शब्द फुटत नव्हता. हे खाली मान घालून जेवत होते. दुसरा घास घेतला आणि म्हणाले, "आमटीत मीठ कमी आहे."

लग्न झाल्यापासून ह्यांनी माझ्या स्वयंपाकाला पहिल्यांदा नाव ठेवलं. मी मिठाची बरणी आणायला म्हणून आत गेले आणि तिथेच दोन मिनिटं रडले.

दुसऱ्या दिवशी बेहेरेबाईंना हो सांगितलं, आणि पुढच्या महिन्यात मी पुण्याला गेले. ते दहा महिने आळीने ह्यांना सोडलं नाही. रोज तास झाला, हातोडे थांबले की कुठल्या तरी पडवीतून हाक येई, त्र्यंबक, भाकरी गोड लागली का. अनसूयाकाकू डबा पाठवताना त्यात आठवणीने गुळाचा खडा टाकत. मी सुट्टीला आले तेव्हा काकूंनीच मला हे सांगितलं, आणि म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याने आमच्या नवऱ्यांची पंचाईत केली बघ. आमच्या ह्यांना मी रोज विचारते, तुम्हाला भाकरी गोड लागते का हो माझ्यावाचून. तर म्हणतात, तू जाऊन तर बघ."

हे एकदा मला भेटायला पुण्याला आले. वसतिगृहाच्या पडवीत भेटायला येणाऱ्यांसाठी एक बाक होता. त्यावर हे टोपी मांडीवर ठेवून बसले होते, शेजारी कापडी पिशवी. पिशवीत चिंच होती, चिंचोके काढलेली. म्हणाले, "इथे आमटीला लागत असेल." मी मुद्दाम काही बोलले नाही. ह्यांनी टोपी उलटसुलट केली आणि म्हणाले, "सवय करतोय मी. बोलायची. संध्याकाळी भिकाजीबाबांकडे जाऊन बसतो. त्यांना कंटाळा येतो, पण ऐकून घेतात." आणि मग त्यांनी मला आळीची एकेक बातमी सांगितली, घराघराने, एखाद्याने पाढे म्हणावेत तशी. मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसले होते. मागून मैत्रिणी म्हणाल्या, तुझे मिस्टर बोलके आहेत गं.

परत आल्यावर मी आळीत बालवाडी काढली आणि हात थकेपर्यंत चालवली. आमच्या बालवाडीतली पोरं गाणी ओरडूनच म्हणत. शाळा तपासायला आलेल्या बाईंनी एकदा कानांवर हात ठेवले होते.

माणूस मुळासकट बदलतो असं नाही. हे पुढेही भांडणात मिटून बसत. कधी एक दिवस, कधी दोन. पण आता माझ्याकडे उपाय होता. मी ओरडत नसे. पडवीत जाऊन ऐरणीवर हातोड्याने एक ठोका देई. वाढव. मग हे रागाने बघत, आणि कुरकुरत का होईना, बोलायला लागत. कधी कधी ते जे बोलत ते मला लागे. माझ्यात खोट काढत, आणि ती खोट खरी असे. मग मी गप्प होई, आणि बाहेर पडवीतून ठोका ऐकू येई.

ते घंगाळ आम्ही विकलं नाही. ह्यांनी लग्नघरी दुसरं करून दिलं. वाकलेल्या कडीचं माझ्याकडेच राहिलं, आणि त्यातच मी इतकी वर्षं आंघोळीचं पाणी घेते.

आता आळीत एकच भट्टी उरली आहे, तीही सणासुदीला पेटते. भिकाजीबाबांचा तास त्यांच्या नातवाने देव्हाऱ्याशेजारी टांगलाय. जन्मभर हातोडे ऐकून तांबटाचे कान जातात, तसे ह्यांचेही गेले. आता मी ह्यांच्याशी ओरडून बोलते, आणि हातोडे नसल्यामुळे सगळं शेजाऱ्यांना कळतं. ह्यांचा आवाज मात्र पुन्हा पहिल्यासारखा बारीक झालाय.

गेल्या थंडीत एका सकाळी आम्ही दोघं पडवीत उन्हाला बसलो होतो. मी घंगाळाला चिंच लावत होते, हे शेजारी बसून चिंचोके काढत होते. समोरच्या घरात अनसूयाकाकूंच्या नातसुनेचं आणि नातवाचं काहीतरी बिनसलं होतं. तिचा आवाज चढलेला, त्याचा ऐकूच येत नव्हता. मला हसू आलं. मी ह्यांच्या कानाशी ओरडले, "तो बघा तुमच्यावर गेलाय. तुमचे कान तर तेव्हाच गेले होते म्हणा. तीन टोले पडले तरी तुम्हाला ऐकू आले नाहीत."

ह्यांनी चिंचोका वाटीत टाकला. "आले होते की."

मला वाटलं ह्यांना माझं बोलणं नीट ऐकू गेलं नाही. मी पुन्हा ओरडले, "तास म्हणते मी. त्या दिवशीचा. कडी वाकली तेव्हाचा."

"हो, तोच. तिन्ही टोले ऐकले. अनसूयाकाकू पळी घेऊन आल्या ते पण बघितलं. तू हाताने पुरे म्हणत होतीस ते पण."

"मग थांबला का नाहीत? सगळ्या आळीपुढे."

ह्यांनी पुढची चिंच हातात घेतली, तिची शीर ओढून काढली आणि उन्हाकडे बघत म्हणाले, "तेवढ्यासाठी थांबलो असतो तर परत तोंड उघडलं असतं का मी?"

इतकी वर्षं मी ही गोष्ट माहेरी, सासरी, बालवाडीतल्या बायांना हसून सांगत आले होते. आमच्या ह्यांना तास ऐकू आला नाही, म्हणून सगळ्या आळीला कळलं. आणि तिन्ही टोले ऐकून, सगळ्या आळीदेखत, हा लाजाळू माणूस बोलत राहिला होता. मला द्यायचं ते 'हो' त्याला पुरं करायचं होतं.

माझा घासता हात घंगाळावरच थांबला. समोरच्या घरातला आवाजही थांबला होता. हे माझ्याकडे बघत राहिले, मग कानामागे हात नेऊन म्हणाले, "काय म्हणालीस?"

मी काहीच म्हणाले नव्हते. घंगाळाच्या काठावर, वाकलेल्या कडीजवळ, मी चिंच लागलेल्या बोटाने एक ठोका दिला. तो ह्यांना ऐकू जाणं शक्य नव्हतं.

हे हसले, वाटी बाजूला सारली, आणि बोलायला लागले.